खाली मेट्रो, वर पत्रे: शिवाजीनगरची गोष्ट

पुण्यात कोणाला विचारलंत की शिवाजीनगरला कसं जायचं, तर तो उलट तुम्हालाच विचारेल, कुठल्या? रेल्वेच्या, कोर्टाच्या, गावठाणाच्या, का मेट्रोच्या? पूर्वी यात एसटीचं शिवाजीनगर पण असायचं आणि खरं तर तेच पहिलं असायचं, म्हणजे नुसतं "शिवाजीनगरला उतरलो" म्हटलं की समोरच्याला कळायचं की हा माणूस नगर नाहीतर नाशिककडून लाल गाडीने आलाय, पाठीवर सॅक आहे आणि आता चहा शोधतोय. ते शिवाजीनगर मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या शेवटी उचलून वाकडेवाडीला ठेवलं. तात्पुरतं. पुण्यात तात्पुरतं म्हणजे काय ते मी सांगायला नको.

मी मूळची संगमनेरची, त्यामुळे या विषयावर माझं मत तटस्थ वगैरे अजिबात नाहीये हे आधीच सांगून टाकते. माझं म्हणणं एवढंच आहे की रेल्वे, एसटी आणि सिटी बस शेजारी-शेजारी असलेली जागा आपल्याकडे आयती होती, कोणी तिला "मल्टिमोडल हब" असं भारी नाव दिलं नव्हतं इतकंच, आणि मग मल्टिमोडल हब करायचं म्हणून आपण ती मोडली. खाली जमिनीत जे काम झालंय ते अफाट आहे, त्याबद्दल मी पुढे भरभरून लिहिणारे. भांडण वरच्या जागेबद्दल आहे.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय ही जागा अशी का आहे ते कळत नाही. पेठांमधून मुठा ओलांडली की पलीकडे भांबुर्डा नावाचं गाव होतं, रोकडोबाचं देऊळ त्याच गावठाणातलं. जमिनीच्या कागदांवर अजूनही "मौजे भांबुर्डा" असंच असतं, इथे कोणी फ्लॅट घेतला असेल तर त्याने पहिल्यांदा कागद बघून आपण भलतीकडेच घर घेतलं की काय म्हणून दचकून घेतलं असणार. गोखलेनगरच्या बाजूला भांबुर्डा वनविहार आहे तो पण या नावाचाच उरलेला तुकडा. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली, बोरघाटातला मार्ग मात्र १८६३ ला पूर्ण झाला, म्हणजे मधली पाच वर्षं मुंबईला जाणाऱ्याने खंडाळ्याला गाडीतून उतरायचं, घाट पालखीने नाहीतर तट्टावरून उतरायचा आणि खाली परत दुसऱ्या गाडीत बसायचं. म्हणजे "उतरा आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा" ही आपल्याकडची परंपरा जुनी आहे. ही लाईन भांबुर्ड्यातून गेली आणि इथल्या स्टेशनचं नाव पण आधी भांबुर्डाच होतं.

याच भागात १८५४ पासूनचं सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज, मग कृषी महाविद्यालय, दगडी कोर्ट. आणि शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा. त्याची पायाभरणी १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली, पुढाकार कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा, पण ते १९२२ लाच गेले, आणि शिल्पकार करमरकरांनी केलेला पुतळा उभा राहिला १९२८ ला, राजाराम महाराजांच्या काळात. पुढे भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं आणि स्टेशनची पाटी पण बदलली.

एसटीची गोष्ट तर सगळ्यांना शाळेपासून माहिती असते, १ जून १९४८ ला पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. मग पुढे पुण्यात तीन स्टँडची वाटणी पक्की झाली: सातारा, कोल्हापूर, सांगलीवाले स्वारगेटला, मुंबईवाले पुणे स्टेशनला, आणि नगर, नाशिक, औरंगाबाद, सगळा मराठवाडा, विदर्भ शिवाजीनगरला. (औरंगाबादचं आता छत्रपती संभाजीनगर झालंय आणि नगरचं अहिल्यानगर, पण मी तेव्हाचं सांगतेय.) त्यामुळे पुण्यात कोण कुठला हे आडनावावरून कळायच्या आधी स्टँडवरून कळायचं. माझ्या होस्टेलमध्ये कोल्हापूरच्या मुली शिवाजीनगरला कधी आल्याच नव्हत्या, त्यांचं पुणे स्वारगेटला सुरू होऊन डेक्कनला संपायचं.

स्टँड काही सुंदर नव्हता, उगाच आठवणीत रंगवून सांगणार नाही. दमट वास, फलाटावर पानाच्या पिचकाऱ्या, लाऊडस्पीकरवरची घोषणा अशी की गाडी कुठली ते सोडून बाकी सगळं कळायचं. नाशिक विनाथांबाच्या खिडकीला कायम लाईन आणि ती विनाथांबा असल्यामुळे आम्हा संगमनेरवाल्यांना तिचा काही उपयोग नाही, आम्ही आपले साधी गाडी नाहीतर एशियाड बघणार. शनिवारी दुपारी सगळे हॉस्टेलवाले एकदम गावी निघायचे तेव्हा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं चालायचं आणि त्यावरून भांडणं पण व्हायची, "ताई, रुमाल आमचा आहे", "अहो काका, रुमालावर नाव आहे का तुमचं". पण एक गोष्ट होती. शेजारी रेल्वे स्टेशन. लोणावळा लोकलने तळेगाव-देहूरोडकडून आलेला माणूस उतरून चालत स्टँडवर येऊ शकायचा, बाहेर रस्त्यावर पीएमटीची सिटी बस मिळायची, रिक्षा नको काही नको. सत्तरीच्या आजीबाई पण हातात पिशवी घेऊन हे करायच्या. हे कोणी डिझाईन केलेलं नव्हतं, एकाच्या शेजारी दुसरं येत गेलं आणि जमून गेलं.

मेट्रोबद्दल पुण्यात बोलणं इतकी वर्षं चाललं होतं की लोकांचा त्यावरचा विश्वासच उडाला होता. त्यात २००६ ला आपण बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी राखीव लेन, केलेली, देशात पहिली म्हणून मिरवलेली, आणि नंतर तिचं जे काय झालं ते सातारा रोडवर राहणाऱ्यांना विचारा. त्यामुळे मेट्रो म्हटलं की घरोघरी एकच वाक्य, "आमच्या हयातीत काही होत नाही". मग जमिनीवरून का जमिनीखालून यावर वाद. पेठांमध्ये वरून नेणं शक्यच नव्हतं, रस्ते केवढे ते आपल्याला माहितीय, दोन्ही बाजूंना वाडे, त्यात शनिवारवाडा म्हणजे पुरातत्त्वचे नियम, खांब उभे करायला जागा कुठून आणणार. शेवटी २४ डिसेंबर २०१६ ला भूमिपूजन झालं आणि ठरलं ते असं: पिंपरीकडून येणारी लाईन खडकीपर्यंत वरून, मग कृषी महाविद्यालयाच्या जागेत ती खाली उतरणार आणि तिथून स्वारगेटपर्यंत सगळी भुयारी. स्टेशनं पाच. शिवाजीनगर, सिव्हिल कोर्ट म्हणजे आताचं जिल्हा न्यायालय, बुधवार पेठ म्हणजे आताचं कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट.

इथे एक गोष्ट मला खूप उशिरा कळली, बहुतेकांना माहिती नसावी म्हणून सांगते. बोगदा आणि स्टेशन ही दोन वेगळी कामं असतात. बोगदा टीबीएम करतं, ते साधारण साडेसहा मीटर व्यासाचं अजस्र मशीन पुढच्या चकत्यांनी कातळ खरवडत पुढे सरकतं आणि मागे लगेच काँक्रीटचे तयार तुकडे गोलाकार बसवत जातं, वरच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. मशीनची नावं मुळा, मुठा आणि पवना, हे मला फार आवडलं, कोणीतरी विचार करून ठेवलेली. काही कृषी महाविद्यालयाच्या बाजूने निघाली, काही स्वारगेटकडून, आणि २०२२ मध्ये बुधवार पेठेत शेवटचं बाहेर पडलं. मधे मुठा नदी लागते, सिव्हिल कोर्ट आणि बुधवार पेठेच्या मध्ये, तर नदीच्या तळाखालून नेला बोगदा. पानशेत धरण फुटून आलेला पूर बघितलेल्या पिढीला हे ऐकूनच धडकी भरली होती. माझ्या घरमालकीणबाई, १२ जुलै १९६१ ला नारायण पेठेत होत्या, त्यांनी मला सरळ सांगितलं होतं, "तू जा हो खुशाल, मी नाही त्या भुयारात पाय ठेवणार." आता त्याच दर गुरुवारी मेट्रोने बहिणीकडे स्वारगेटला जातात आणि एसी जास्त असतो म्हणून शाल नेतात.

बोगदा असा गुपचूप होतो, पण स्टेशन तसं होत नाही. स्टेशनसाठी वरूनच भला मोठा चौकोनी खड्डा घ्यावा लागतो, आधी कडेच्या भिंती जमिनीत उतरवायच्या, मग मधला मुरूम आणि कातळ काढत खाली जायचं, तळ करायचा, मजल्याचे स्लॅब टाकत वर यायचं आणि शेवटी छत घालून जमीन परत सपाट करायची. म्हणजे स्टेशनच्या डोक्यावर जे काही असेल ते हलवायलाच लागतं. शिवाजीनगरला डोक्यावर एसटी स्टँड होता.

आणि पुण्यात खणायचं म्हणजे काय लागेल सांगता येत नाही. या गावाखाली आधीच एक गाव आहे. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात कात्रजला तलाव बांधून तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं, ठिकठिकाणी हवा जायला उच्छ्वास बांधले, पेठांतल्या हौदांना पाणी दिलं. कसबा पेठ मेट्रो स्टेशन ज्या फडके हौदाजवळ आहे तो हौद आता फक्त चौकाच्या नावात उरलाय. २०१९ ला स्वारगेटच्या कामात जुनं भुयार सापडलं, तर दोन दिवस व्हॉट्सॲपवर सिंहगडापर्यंतचा गुप्त मार्ग, पर्वतीचा गुप्त मार्ग, काय काय निघालं, शेवटी ते जुन्या पाणीपुरवठ्याचं असावं असं सांगण्यात आलं आणि सगळ्यांचा हिरमोड झाला. मंडईच्या खड्ड्यात मोठ्या प्राण्यांची हाडं निघाली, हत्तीची असावीत अशी चर्चा. आणि सगळ्यात कळस म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये, भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू व्हायला आठवडा राहिलेला असताना, सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा एक अख्खा ट्रक मागच्या मागे जमिनीत गेला. सगळे म्हणाले झालं, मेट्रोने पोकळ केलं पुणं. तर म्हणे तिथे खाली जुनी विहीर होती, वरून ब्लॉक बसवलेले. मला विचाराल तर पेठेतल्या प्रत्येक वाड्यात विहीर होती, वाडे पाडून इमारती झाल्या, विहिरी बुजवल्या म्हणजे नक्की काय केलं हे कोणी लिहून ठेवलंय?

असो, परत शिवाजीनगर.

२०१९ चं वर्ष संपता संपता स्टँड हलला. वाकडेवाडीला, जुन्या मुंबई रस्त्यावर, दुग्धविकास खात्याच्या जागेत. नवीन ठिकाणी लोकांना सवय होते न होते तोवर कोविड आला आणि एसटीच बंद, मग तो लांबलेला संप, त्यामुळे पहिली दोन वर्षं स्टँड कुठे आहे याने तसा फरकच पडत नव्हता. आणि हलला तो नुसता स्टँड नाही. कोर्टाशेजारी कामगार पुतळ्याजवळची वस्ती होती, पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं, जवळपासच्या घरांत धुणीभांडी, हमाली, रिक्षा अशी कामं करणारी. मेट्रोच्या कामात ती वस्ती पण उठली, कुटुंबांना विमाननगर, हडपसरकडे घरं मिळाली. पक्की घरं मिळाली हे खरंच, पण कामं शिवाजीनगरात आणि घर पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. आमच्या सोसायटीत येणाऱ्या मावशी त्यातल्याच, दोन बस बदलून यायच्या, मग त्यांनी यायचं सोडलं. स्टँडबद्दल एवढं लिहिणाऱ्या माझ्यासारख्या लोकांनी या वस्तीबद्दल तेव्हा फार काही लिहिलं नव्हतं.

१ ऑगस्ट २०२३ ला शिवाजीनगर आणि सिव्हिल कोर्ट ही पहिली दोन भुयारी स्टेशनं सुरू झाली. तो दिवस म्हणजे टिळक पुण्यतिथी, पंतप्रधान टिळक पुरस्कार घ्यायला आलेले आणि मेट्रोला हिरवा झेंडा पण त्याच दौऱ्यात, सगळा मध्यभाग बंद, मी ऑफिसला दांडी मारली. त्याच आठवड्यात मुद्दाम बघायला गेले. आणि खरं सांगते, छाती भरून आली. आपल्या शिवाजीनगरच्या खाली हे आहे! स्वच्छ, गार, उजेड, पाट्या मराठीत नीट लिहिलेल्या. शिवाजीनगर स्टेशनला किल्ल्याच्या तटबंदीचं रूप दिलंय, ते बरं दिसतं, डेक्कन आणि संभाजी पार्कच्या मावळ्याच्या पगडीपेक्षा मला हे जास्त आवडलं, पगडी लांबून पगडी वाटते आणि जवळ गेल्यावर पत्रा.

पण खरा आ वासतो तो सिव्हिल कोर्टला. तिथे पूर्वी सरकारी धान्य गोदामं होती, त्या जागेवर हे स्टेशन आहे. जवळपास ३३ मीटर खोल. एक लाईन पार खाली भुयारात आणि वनाझ-रामवाडीची लाईन वर खांबांवर, त्यामुळे खालच्या फलाटावरून वरच्या फलाटावर जायचं म्हणजे सरकत्या जिन्यामागून सरकता जिना, मान वर करून बघितलं तर वर छतातून ऊन आत येतं. एवढ्या खोल उभं राहून अंगावर ऊन, हे ज्याने कागदावर काढलं त्याला नमस्कार. तिथे रविवारी लोक नुसते फोटो काढायला येत होते, कुटुंबच्या कुटुंबं, डबे घेऊन. एक आजोबा नातवाला सांगत होते, "इथं आम्ही रेशनच्या गव्हाच्या गाड्या बघायचो रे", आणि नातू जिन्यावरून उलटा चढत होता.

तर हे खालचं. आता शिवाजीनगर स्टेशनच्या पायऱ्या चढून वर या.

वर काय? पत्रे. निळे-पांढरे पत्रे, त्यामागे मोकळं मैदान. स्टेशन खाली झालं, खड्डा बुजला, जमीन सपाट झाली, गाड्या धावायला लागल्या, २०२४ च्या २९ सप्टेंबरला स्वारगेटपर्यंत मार्ग पण पूर्ण झाला (ते उद्घाटन आधी २६ तारखेला होतं, पावसाने रद्द झालं, मग ऑनलाईन उरकलं), २०२५ उजाडलं, तरी स्टँड वाकडेवाडीलाच. कारण काय तर जागा एसटीची, खोदणारी मेट्रो, वर बांधायचं कोणी, खर्च कोणी उचलायचा, नुसता स्टँड बांधायचा का वर दुकानं आणि ऑफिसांचे मजले पण चढवायचे, आणि चढवले तर त्याचं उत्पन्न कोणाचं. यावर बैठका. पत्रव्यवहार. परत बैठका. मंत्री बदलले की नवीन बैठका. शेवटी पीपीपीवर, म्हणजे खासगी विकासकाकडून बांधून घ्यायचं, असं ठरल्याच्या बातम्या आल्या. नदीच्या तळाखालचा कातळ मशीन लावून फुटला, पण दोन सरकारी टेबलांमधली फाईल काही सरकली नाही.

मजले चढवायला माझा तत्त्वतः विरोध नाही. एसटी तोट्यात आहे, शहराच्या मधोमध एवढी मोठी जागा आहे, त्यातून चार पैसे मिळाले तर गाड्या नव्या येतील, ड्रायव्हर-कंडक्टरचे पगार वेळेवर होतील, आणि खाली मेट्रो असताना वर ऑफिसं असणं हे तर चांगलंच, लोक गाड्या घरी ठेवून येतील. भीती वेगळी आहे. आपल्याकडे असं कॉम्प्लेक्स झालं की दर्शनी भाग काचेचा, मॉलसारखा, आणि बस कुठेतरी मागच्या बाजूला, बेसमेंटच्या रॅम्पशेजारी, अंधारात. ज्यांच्यासाठी जागा होती त्यांनी वॉचमनला विचारत फिरायचं.

दरम्यान लोकांनी आपापले मार्ग काढलेत, ते बघणं मजेशीर आहे. पिंपरीच्या लाईनवर नाशिक फाटा स्टेशन आहे, आधी त्याला भोसरी नाव होतं, पण भोसरी गाव तिथून बरंच लांब, म्हणून बदललं. तर वाकडेवाडीहून सुटलेली नाशिकची गाडी नाशिक फाट्यावरूनच जाते. मग आम्ही संगमनेर-नारायणगाववाले काय करतो, मंडई नाहीतर डेक्कनवरून मेट्रो पकडतो, थेट नाशिक फाटा गाठतो आणि तिथे रस्त्याच्या कडेला उभे राहतो. वाकडेवाडीची रिक्षा वाचते. तोटा एवढाच की गाडी तिथे येते तेव्हा बऱ्याचदा भरलेली असते आणि शनिवारी तर दारात उभं राहून चाकणपर्यंत. तिथे शेड नाही, बसायला जागा नाही, पाऊस आला तर पुलाखाली. तरी रोज गर्दी असते, म्हणजे मेट्रो आणि एसटी जोडल्या गेल्या की लोक वापरतात हे लोकांनीच दाखवून दिलंय, कोणी सर्व्हे करायची गरज नाही.

आणि स्वारगेट बघा. तिथे स्टँड हलवलाच नाही. मेट्रोतून वर या, चालत जा, सातारा-कोल्हापूरची गाडी धरा. गर्दी आहे, गोंधळ आहे, रस्ता ओलांडताना देवाचं नाव घ्यावं लागतं, पण जमतं. माझी कोल्हापूरची मैत्रीण मला मुद्दाम चिडवते, आमचं स्वारगेट बघ आणि तुमचं शिवाजीनगर बघ. काय बोलणार.

त्यात अजून एक लाईन येतेय, हिंजवडीच्या माणवरून गणेशखिंड रस्त्याने सिव्हिल कोर्टपर्यंत, तेवीस किलोमीटरच्या आसपास, तीही पीपीपीवरच. तिच्यासाठी २०२० च्या पावसाळ्यात विद्यापीठ चौकातले पूल पाडले ते आठवत असेल. ती सुरू झाली की सिव्हिल कोर्टला तीन लाईन एकत्र येणार, म्हणजे हिंजवडीत काम करणारी आमच्या गावाकडची पोरं शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन थेट तिथे उतरणार. त्यांना पुढे एक स्टेशन गेलं की शिवाजीनगर. तिथे वर स्टँड असेल तर ती पोरं रात्री जेवायला घरी. नसेल तर ती पोरं खासगी ट्रॅव्हल्सला फोन करणार, आणि एकदा का माणूस ट्रॅव्हल्सच्या पुशबॅक सीटवर बसला की तो एसटीकडे परत येत नाही, हे आमच्या घरातच बघितलंय, माझा भाऊ.

म्हणून जो कोणी या जागेचा आराखडा करत असेल, त्याने कॉम्प्युटरवरची झाडं आणि फुगे घेऊन चालणारी मुलं जरा बाजूला ठेवावीत आणि शनिवारी दुपारी वाकडेवाडीला एक तास उभं राहावं. लोक काय घेऊन प्रवास करतात ते बघावं. कांद्याची गोणी, शिलाई मशीन, आजारी माणूस आणि त्याची सलाईन, गॅसची शेगडी, दोन पोरं आणि कडेवर तिसरं. हे सगळं घेऊन मेट्रोच्या लिफ्टमधून थेट फलाटावर येता आलं पाहिजे. रेल्वे स्टेशनकडे जाणारी वाट छपराखालून पाहिजे, रस्ता ओलांडायला न लावता. बायकांचं स्वच्छतागृह रात्री अकराला पण उघडं पाहिजे, आणि त्याची किल्ली "साहेबांकडे" नको. चहा दहा रुपयांचा पाहिजे, शंभरचा कॅफे वर कितीव्या मजल्यावर टाकायचा तो टाका. मजलेही किती चढवायचे ते चढवा, नावही काय द्यायचं ते द्या, फक्त संगमनेरच्या साध्या गाडीला फलाट तळमजल्यावर द्या.